आचऱ्याचं घर पावसाळ्यासाठी बंद करताना

कोल्हापूर,
२६ एप्रिल

प्रिय सुहास,

आचऱ्याचं घर पावसाळ्यापुरतं बंद करताना काय काय करायचं, ते लिहून मागितलंस हे बरं केलंस. फोनवर सांगितलेलं निम्मं विसरायला होतं. आधी एक गोष्ट पक्की धर. समुद्राकाठचं बंद घर गळतीपेक्षा कोंडलेल्या दमटपणानं जास्त खराब होतं. कौल फुटलं तर एक कोपरा भिजतो. हवा अडली तर गाद्या, कपाटं, दारं, वायरिंग सगळ्यालाच बुरशी आणि गंज धरतो. आपल्याकडे गगनबावड्यालाही धो धो कोसळतो, पण तिथल्या हवेत मीठ नसतं. तेव्हा पाऊस बाहेर आणि वारा आत खेळता, या हिशेबानं पुढचं सगळं कर.

मिरगाची वाट बघत बसू नकोस. मृग लागतो ७-८ जूनला, पण वळीव आणि वादळं त्याआधीच येतात. २०२१ चं तौक्ते मेच्या मध्यातच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेलं होतं. छप्पर १५ मेपर्यंत हातावेगळं व्हायला हवं. त्यानंतर शाकारणीला, म्हणजे कौलं तपासून-बदलून नीट लावायला, माणूस मिळत नाही, कारण तेव्हा गावातल्या प्रत्येकाला तोच गडी हवा असतो. आजच फोन करून त्याचा दिवस ठरवून घे.

शाकारणीच्या दिवशी भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून आत अंधार कर आणि वर बघ. जिथून उजेडाची टिकली दिसेल, तिथं खडूनं खालच्या वाशावर खूण कर. फुटलेलं कौल काढताना वरच्या ओळीतलं कौल थोडं उचलायचं, फुटकं खाली सरकवून काढायचं आणि नवं रिपेला (कौलांखालच्या आडव्या लाकडी पट्टीला) नीट अडकवायचं. कौलांवर थेट पाय ठेवू देऊ नकोस. वाशांवर आडवी फळी टाकून तिच्यावरूनच चालायला सांग, नाहीतर दहा बदलताना आणखी वीस तडकतात. कौल काढलेल्या जागी रीप पेचकसानं टोचून बघ. टोक सहज आत गेलं तर ती कुजली आहे, लगेच बदल. जुन्या मंगळुरी कौलांची मापं कारखान्यागणिक थोडी वेगळी असतात, म्हणून नवी घेताना एक जुनं कौल हातात घेऊनच जा. चाळीसेक जास्तीची पडवीत रचून ठेव. वानरं काही पावसाळ्यात उड्या मारायची थांबत नाहीत.

वारा छपराला कडेनं उचलतो. पागोळ्यांच्या बाजूच्या खालच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांची कौलं तांब्याच्या तारेनं रिपेला बांधून घे. साधी बांधणीची तार खाऱ्या हवेत टिकत नाही. आढ्यावरच्या कोन्यांचा (वरची सांध झाकणाऱ्या कौलांचा) मसाला तडकला असेल तर खरवडून पुन्हा भर, पण नुसत्या सिमेंटनं नको. ते कडक होतं आणि उन्हापावसात परत फाटतं. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हे मिश्रण थोडं लवचिक राहतं. दोन पाखं मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ हातानं साफ कर. तिथं मूठभर पाचोळा अडकला तरी पाणी उलटं कौलांखाली शिरतं, आणि आपण विनाकारण कौलांना दोष देत बसतो.

माडांचं काम छपराबरोबरच उरक. वाळलेली चुडतं (झावळ्या) आणि तयार नारळ उतरवून घे, विशेषतः घरावर झुकलेल्या माडांचे.

आता मिठाचं. जाळ्या, ग्रील, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट यांवर मिठाचा थर असतो. मीठ हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे पाऊस नसतानाही लोखंड ओलंच राहतं. म्हणून आधी विहिरीच्या गोड्या पाण्यानं सगळं धुऊन काढ आणि दिवसभर वाळू दे. रंग त्यानंतर. गंज तारेच्या ब्रशानं आणि पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घास, त्याच दिवशी प्रायमर मार आणि मग ऑइल पेंटचे दोन हात. मिठावर मारलेला रंग दिवाळीपर्यंत फुगून पापुद्रे सोडतो. बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्यांना वंगण लाव. कुलूप पितळीच घे आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा पडद्यासारखा सोड. नवे नट-बोल्ट घेशील ते ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घे. साध्या ३०४ वर समुद्राकाठी तांबूस डाग येतात.

जांभ्याच्या भिंतींना बाहेरून प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट अजिबात लावू नकोस, रंगारी कितीही आग्रह करो. जांभ्याचा चिरा (दगड) सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि परत सोडतो. रंगानं तोंड बंद केलं की ओल आतल्या बाजूनं बाहेर पडते आणि गिलावा सुटतो. चुना लाव, किंवा चिरा उघडा ठेवायचा असेल तर सिलिकॉनचं पारदर्शक पाणीरोधक चांगल्या वाळलेल्या भिंतीवर.

सरकत्या अॅल्युमिनियम खिडक्यांच्या खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. त्यांत वाळू भरली की पट्टी तुंबते आणि पाणी आतल्या फरशीवर उतरतं. सायकलच्या आऱ्यानं ती भोकं मोकळी कर. पाच मिनिटांचं काम आहे, पण निम्मी 'खिडकीची गळती' यातच असते.

झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते. त्या बाजूच्या पडवीला ताडपत्री नुसती दोरीनं बांधू नकोस, फडफडून तिच्या कड्या फाटतात. माडाचे झाप (विणलेल्या झावळ्या) सगळ्यांत उत्तम, कारण पाणी अडतं आणि वारा थोडा आरपार जातो. ताडपत्रीच लावायची असेल तर कडा दोन रिपांमध्ये दाबून स्क्रूनं आवळ. पूर्व आणि उत्तरेच्या वरच्या झरोक्यांना बारीक जाळी मारून ते उघडेच ठेव. आतली सगळी दारंही उघडी ठेव, प्रत्येकाला अडसर लावून.

विजेचं मेन बंद करणं पुरेसं नाही. टीव्ही, फ्रिज, डिशची केबल, इन्व्हर्टर यांचे प्लग काढून ठेव. वळवाच्या विजा तारेतून येतात. इन्व्हर्टरची बॅटरी तिथं सोडू नकोस. वापराविना ती हळूहळू उतरते, प्लेटांवर थर चढतो आणि ऑक्टोबरात ती चार्ज धरत नाही. आधी ऋण टोकाची वायर काढ, मग धन, आणि बॅटरी कोल्हापूरला घेऊन ये. फ्रिज पुसून, कोरडा करून, दारात टॉवेलची गुंडाळी अडकवून उघडा ठेव. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लाव.

छपरावरची प्लास्टिकची टाकी रिकामी करू नकोस. रिकामी टाकी वादळात उडते, हजार लिटर भरलेली म्हणजे एक टन वजन. झाकण मात्र तारेनं बांध, नाहीतर डास अंडी घालतील. सेप्टिक टँकचंही तसंच. आत्ता उपसून घेण्याचा मोह होईल, पण वाळूच्या जमिनीत पावसाळ्यात पाणी वर येतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकते. उपसायचीच तर जानेवारीत. बाथरूमच्या जाळ्यांमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर खोबरेल सोड. पाणी लवकर आटत नाही आणि झुरळांची वाट बंद राहते.

आत, लाकडी सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. गाद्या उभ्या करून सुती चादरीत ठेव. प्लास्टिक गुंडाळलंस तर आतच घाम धरून काळ्या पडतील. कपाटांची दारं किलकिली ठेव. एखाद्या बंद खोलीत कळीचा चुना ठेवणार असशील तर मातीच्या भांड्याचा तिसरा हिस्साच भर. तो ओल पिऊन फुगतो आणि तापतोही, म्हणून लाकडावर किंवा मुलांच्या हाताशी नको. जोत्याला टेकून नारळाची सोडणं किंवा सरपण रचू नकोस, वाळवी त्यातूनच भिंत चढते. जोत्याभोवतीची चर मोकळी कर आणि खळ्याचा (अंगणाचा) उतार घरापासून बाहेर आहे ना, ते बादलीभर पाणी ओतून बघ.

राखणदाराला किल्ली दे, पण 'लक्ष ठेव' एवढंच सांगू नकोस. मोठी झड होऊन गेली की छताखाली बघायचं, उघाड मिळेल त्या दिवशी सगळ्या खिडक्या दोन-तीन तास उघडायच्या, विहिरीतला पंप महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवून मेन परत बंद करायचं, हे कागदावर लिहून दाराच्या आत चिकटव. पंप चार महिने पडून राहिला तर त्याचा पंखा जाम होतो. पगार दर महिन्याला पाठव, एकदम शेवटी नको.

मी शनिवारी उद्यमनगरात जाणार आहे. कडी-कोयंड्याची मापं आणि किती बोल्ट लागतील ते शुक्रवारपर्यंत कळव, म्हणजे एकदमच घेऊन ठेवतो. तांब्याची तारही घेतो. घाटाचा रस्ता पावसाआधी एकदा विचारून घे आणि वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विजय