दुष्परिणाम लपवून विश्वास मिळत नाही

मा. संपादक,
स. न.

जनुकोपचार (आजार बरा करण्यासाठी पेशींत जनुक सोडणे) आणि जनुकसंपादन (पेशीतील जनुकातच बदल करणे) यांचा विषय निघाला की नियम सैल असावेत की कडक, याच वादात चर्चा अडकते. चाचणीत काही विपरीत घडल्यास ते कोण सांगणार आणि किती लवकर, हा प्रश्न मात्र मागे पडतो. लोकांचा विश्वास मुख्यतः त्याच्याच उत्तरावर ठरतो, असे मला वाटते.

१९९९ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या जनुकोपचार चाचणीत १८ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. याआधीच्या प्रयोगांत माकडे दगावली होती, पण त्याचा उल्लेख रुग्णांना दिलेल्या संमतीपत्रात नव्हता. शिवाय प्रमुख संशोधकाने स्थापन केलेल्या कंपनीचे हितसंबंध या संशोधनात गुंतलेले होते. नंतरच्या पडताळणीत याहून धक्कादायक गोष्ट उघड झाली. तशाच विषाणूवाहकाच्या (जनुक पेशीत पोहोचवण्यासाठी वापरलेल्या विषाणूच्या) चाचण्यांतील ६९१ गंभीर घटनांपैकी अवघ्या ३९ घटना नियमाप्रमाणे तत्काळ कळवल्या गेल्या होत्या. म्हणजे नियम होता, फक्त तो पाळला जातो की नाही हे कोणी पाहत नव्हते.

याउलट, जन्मतः रोगप्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवरील पॅरिसच्या चाचणीत २००२ मध्ये रक्ताचा कर्करोग आढळला, तेव्हा चाचणी थांबवण्यात आली, वाहकामुळे चुकीचे जनुक कसे जागे झाले याची कारणमीमांसा प्रसिद्ध झाली आणि पुढे अधिक सुरक्षित वाहक तयार झाले. ब्रिटनने मायटोकाँड्रिया दानाबाबत (आईच्या बीजांडातील पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या सदोष घटकांऐवजी दुसऱ्या स्त्रीचे निरोगी घटक वापरण्याबाबत) २०१२ मध्ये जनतेची मते मागवली आणि २०१५ मध्ये संसदेत मतदान घेतले. चीनमध्ये २०१८ साली जनुकसंपादित बालके गुपचूप जन्माला घातली गेली, तिथे प्रश्न विचारायची संधीच कोणाला मिळाली नाही.

जनुकातील बदल कायमचा असल्याने दुष्परिणाम अनेक वर्षांनी दिसू शकतो. म्हणूनच अमेरिकी नियामक काही जनुकोपचारांनंतर १५ वर्षांपर्यंत पाठपुराव्याची शिफारस करतो. पण तोवर कंपनी बंद पडली, किंवा नफा होत नाही म्हणून तिने उपचारच बाजारातून काढून घेतला, तर रुग्णाकडे पाहणार कोण? म्हणून परवाना देतानाच पाठपुराव्याचा खर्च कंपनीकडून आगाऊ ठेव म्हणून घ्यावा, रुग्णनोंदी नियामकाच्या ताब्यात असाव्यात आणि प्रत्येक गंभीर घटनेचा अहवाल, रुग्णाची ओळख उघड न करता, सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत ठरावीक मुदतीत प्रसिद्ध व्हावा.

आपला,
एक वाचक