तज्ज्ञ नेमा म्हणे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला 'झाडे विकताय? आधी वनतज्ज्ञ नेमा' हा लेख वाचला. सल्ला लाखमोलाचा आहे. तज्ज्ञ कुठल्या एसटी स्टँडवर उभा असतो, तेवढे छापायचे राहिले.

वडिलांनी १९८६ साली सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतून सागजडी, म्हणजे सागाची मुळे-खोड छाटलेली रोपे, आणून वरकस जमिनीत लावल्या होत्या. त्यातली ४२ झाडे मी गेल्या वर्षी विकली. उक्ती. व्यापारी सज्जन वाटला. 'गुरुजी, तुम्ही फक्त सातबारा द्या आणि इथे सही करा, तोडीची परवानगी, वाहतूक पास, सगळं माझ्याकडे लागलं,' म्हणाला. मी सही केली. तीस वर्षे गणित शिकवलेल्या माणसाने!

मोजणी त्याच्याच माणसाने केली. टेप नाही, नायलॉनची दोरी. गोलाई घ्यायची ती छातीच्या उंचीवर, जमिनीपासून सुमारे १३७ सेंटिमीटरवर. हा सहा फुटी गडी दोरी डोक्यावर हात नेऊन गुंडाळत होता. विचारले तर 'खाली बुंधा फुगलेला असतो, गुरुजी.' सतरा नंबरचे झाड ३९ इंच भरले. अकरा झाडे टिचकी मारून 'पोकळ' ठरवली आणि त्यांचे पैसे धरलेच नाहीत. वर फांद्या मला सोडल्या, जळणाला. केवढे मन!

साग अनुसूचित झाड, त्यामुळे १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगी लागते आणि त्यासाठी वनखात्याचे लोक झाडे मोजून यादी करतात. ते ज्या दिवशी आले, त्या दिवशी मी लग्नाला चिपळूणला. पुढे अर्ज करून यादीची नक्कल काढली. सतरा नंबर : १२२ सेंटिमीटर. म्हणजे ४८ इंच. आमच्याकडचा हिशेब गोलाईच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग गुणिले लांबी असा. वीस फुटांच्या सोटाला ४८ इंचांनी २० घनफूट येतात, ३९ इंचांनी जेमतेम १३. (मुळात या रीतीत गोल ओंडक्याचा पाचवा हिस्सा आधीच गायब होतो, पण ती तक्रार करायला बसलो तर तुमचे पान पुरणार नाही.) पोकळ ठरलेल्या अकरांपैकी नऊंचे बुंधे आजही माझ्या जागेत आहेत. भरीव. कोणीही यावे, बघावे.

चूक माझी, मान्य. पण शेजाऱ्याशी दोन फुटांचा बांध अडला तरी आपण पैसे भरून सरकारी मोजणी आणतो, आणि पस्तीस-चाळीस वर्षांचा साग मात्र घेणाऱ्याच्या दोरीने मोजून देतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे. तिथून पदवी घेतलेला, भाच्याचा एक मित्र नंतर घरी आला होता. ४२ झाडे मोजणे म्हणजे अर्ध्या दिवसाचे काम, असे म्हणाला. सध्या तो काय करतो? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. अशी मुले गावोगाव असतील आणि आम्ही व्यापाऱ्याच्या गड्यापुढे माना डोलावतो. त्यांचे पत्ते आणि दर छापा की. खरे सांगायचे तर तेव्हा कोणी दोन हजार मागितले असते, तर मीच 'कशाला?' म्हणालो असतो.

जाता जाता. लेखासोबत 'कोकणातील सागवान' म्हणून जो फोटो छापला आहे, ती निलगिरी आहे. साल सोललेली स्पष्ट दिसते. पुरवणी छापण्याआधीही एखादा तज्ज्ञ नेमायला हरकत नाही. माझ्या तोडलेल्या बुंध्यांना आता फुटवे आले आहेत, पाने सुपाएवढी आहेत. सागाचे पान कसे असते ते बघायला एक पाठवू का?

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. लांजा
(नाव छापू नये. व्यापारी अजून गावात येतो.)