सात अधिक एक करताना मधेच दिसलेलं शून्य

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांच्या मोबाईल गेमबद्दल तुमच्या पेपरात वरचेवर छापून येतं आणि त्यात खोटं काही नाही, आमच्या घरीपण त्यावरून आठवड्याला एक भांडण ठरलेलं. तरी आज मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहितोय. माझी लेक नववीत आहे, तिनं माईनक्राफ्ट या ठोकळे रचायच्या गेममध्ये बेरजेचं सर्किट बांधलं आणि ते चुकलं, आणि ती चूक इतकी चांगली होती की मला वाटलं हे बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या आपल्या पोरांना कळायला पाहिजे. मी उद्यमबागेत पॅनेल वायरिंग करतो, वीसेक वर्षं झाली, त्यामुळं सर्किट म्हटलं की मी जेवण सोडून बघायला बसतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेममध्ये रेडस्टोन नावाची लाल पूड मिळते, ती जमिनीवर ओढली की वायर झाली. करंट १५ घरं जातो, त्याच्या पुढं न्यायचा तर मधे रिपीटर लावायचा. मशाल उलटं काम करते, तिच्या ठोकळ्याला करंट आला की ती विझते, म्हणजे आमच्या भाषेत एन.सी. कॉन्टॅक्टच, एरवी जोडलेला आणि करंट आला की सुटणारा. पुडीतून करंट लगेच जातो पण मशालीला १ टिक लागतो, रेडस्टोनचा टिक म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, आणि रिपीटरला आपण सेट करू तसे १ ते ४ टिक. बास, एवढ्या सामानावर पोरं अख्खं कॅल्क्युलेटर उभं करतात.

लेकीचं मशीन चार बिटांचं होतं, म्हणजे बायनरीतली चार घरं, प्रत्येकात ० नाहीतर १. एका बाजूला ७ लावलेले, वर दिव्यांच्या पाटीवर ७ दिसतंय, आता दुसऱ्या बाजूनं १ चा लिव्हर ओढला की ८ यायला पाहिजे. आलं पण. पण येताना काय झालं बघा, ७ चे ६ झाले, मग ४, मग चक्क ० आणि मग ८. सगळं दोनेक सेकंदात. ती म्हणाली, "बाबा बघा की, मधेच खुळ्यागत करतंय." मी तिला दहा वेळा लिव्हर ओढायला लावला आणि दहाही वेळा ६, ४, ०, ८ असंच झालं. म्हणजे हे खूळ नव्हे, याला काहीतरी नियम आहे. कागद घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. हातचा एक घरातून पुढच्या घरात जायला तिच्या डिझाइनमध्ये ४ टिक लागत होते, पहिल्या घरानं स्वतःची बेरीज करून टाकली तरी शेवटच्या घराला हातच्याचा पत्ताच नाही, ते आपलं जुनं उत्तर दाखवत बसलंय. बायनरीत ०१११ आहे, उजवीकडून एकेक १ पुसत जातो, ०११०, मग ०१००, मग ००००, आणि हातचा शेवटच्या घरात पोचला की १०००.

नुसतं दिसण्यापुरतं असतं तर सोडून दिलं असतं. पण तिनं त्याच पाटीला मेंढ्यांच्या कोंडवाड्याचं दार जोडलं होतं, पाटीवर शून्य आलं की दार उघडायचं, आणि मधे लॅच टाकलेला, म्हणजे एकदा सिग्नल मिळाला की तो धरून ठेवणार. ते ४ टिकांचं खोटं शून्य लॅचनं खरं मानलं. पाटीवर ८ आहेत आणि दार सताड उघडं आणि मेंढ्या डोंगरावर.

डिप्लोमाला असलेला माझा पुतण्या आला होता, त्याला दाखवलं. तो म्हणाला काका, ट्रूथ टेबल बरोबर आहे, सर्किट बरोबर आहे, गेममध्येच प्रॉब्लेम असणार. इथं मला खरंच वाईट वाटलं, त्याचा राग नाही, त्याला शिकवलंच तसं. ट्रूथ टेबलात वेळेचा रकानाच नसतो! इनपुट अमुक असलं तर आउटपुट तमुक, पण कधी, ते कोणी लिहीत नाही. खऱ्या चिपमध्येपण हेच होतं, ७४०० सिरीजच्या जुन्या चिपमधल्या साध्या गेटला, म्हणजे इनपुट बघून ० की १ ठरवणाऱ्या एका तुकड्याला, साधारण १० नॅनोसेकंद लागतात, तिथंही हातचा असाच घरोघर फिरतो आणि तिथंही मधे खोटी उत्तरं येऊन जातात. डोळ्याला दिसत नाहीत एवढंच. गेममधली मशाल त्या गेटपेक्षा एक कोटी पट सावकाश चालते, म्हणून नववीतल्या पोरीला जे दिसलं ते पुतण्याला लॅबमध्ये कधी दिसलं नाही.

आणि वेळेचा रकाना विसरला तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. नवीन होतो तेव्हा एका वर्कशॉपमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टर जोडला होता, मोटर आधी स्टार जोडणीत हळू सुरू करून मग डेल्टात टाकणारा, ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर. पण साधा टायमर लावला, मधे गॅप न देणारा, आणि दोन्ही एकदम बसू न देणारा इंटरलॉकही ठेवला नाही. स्टारचा कॉन्टॅक्टर, म्हणजे करंटनं चालणारा मोठा स्विच, सुटतोय, त्याच्या तोंडात अजून आर्क, म्हणजे ठिणगी आहे, तोवर डेल्टाचा बसला. मोठा आवाज झाला, फ्यूज गेले, उघडून बघतोय तर कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून काळे झालेले, तो जळका वास दोन दिवस हाताला होता. मधे सेकंदाच्या विसाव्या भागाची उसंत दिली असती तर काही झालं नसतं. तेव्हापासून मी कुठलंही ड्रॉइंग बघताना पहिल्यांदा विचारतो की आधी कोण सुटणार आणि मग कोण बसणार. लेकीला हा प्रश्न चौदाव्या वर्षी मेंढ्यांनी शिकवला, मला त्यासाठी मालकाच्या शिव्या खाव्या लागल्या.

दुरुस्ती तिनं शेजारच्या मित्राबरोबर केली. तो कन्नड बोलतो, दोघांची खिचडी भाषा चालते, आणि रिपीटरला ती दोघं 'तडी' म्हणतात, आपल्याकडं कन्नडमध्ये थांब म्हणायला तडी म्हणतात ना, ते. "इथं अजून एक तडी टाक." मला तर हा शब्द रिपीटरपेक्षा आवडला. त्यांनी पाटीच्या आधी चार रिपीटर ठेवले, रिपीटरच्या बगलेला दुसऱ्या रिपीटरनं करंट दिला की तो लॉक होतो, जुनं उत्तर धरून बसतो. लिव्हर ओढला की आधी पाटी लॉक, आणि तोच सिग्नल दुसऱ्या वाटेनं चार फुल, म्हणजे प्रत्येकी ४ टिकांच्या, तड्यांतून फिरून १६ टिकांनी येणार आणि लॉक सोडणार. मी म्हटलं पाच टाका, मार्जिन ठेवा. २० टिक, दोन सेकंद. आता ७ वरून थेट ८ येतात, दार हलत नाही.

एक गोष्ट पोरांसाठी मुद्दाम लिहितो, कारण यात लई जण नाराज होऊन सोडून देतात. यूट्यूबवरचे पुष्कळ व्हिडिओ कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनचे असतात आणि आपल्या पोरांच्या मोबाईलवर बेडरॉक एडिशन असतं. जावात पिस्टनच्या, म्हणजे ठोकळे ढकलणाऱ्या दांड्याच्या, वरच्या घराला करंट पोचत असला तरी पिस्टन उठतो, बेडरॉकमध्ये नाही. म्हणून व्हिडिओ बघून हुबेहूब बांधलेलं दार मोबाईलवर उघडत नाही आणि पोरगं समजतं आपल्यालाच जमत नाही. तसं नाही बाळांनो, दोन्हीकडचे नियमच वेगळे आहेत.

तर विनंती अशी की रविवारच्या मुलांच्या पानावर चौकोनभर जागा द्या, एका वेळी एक सर्किट, चित्रासकट, मराठीत, कुठला सिग्नल आधी पोचतो आणि कुठला मागून ते लिहून. मराठी शाळेतली पोरं पुढं इंग्रजीत शिकायला जातात आणि शब्दालाच घाबरून गप्प बसतात, त्यांना हातचा म्हटलं की लगेच कळतं, कॅरी म्हटलं की नाही. चित्रं मी काढून देतो, पैसे नकोत, आणि चित्राबरहुकूम बांधून बघायला घरात दोन माणसं तयार आहेत. सध्या ती दोघं आठ बिटांच्या मागं लागली आहेत, तिथं हातचा पोचायला ३२ टिक जातात, एवढं थांबायची त्यांची तयारी नाही, म्हणून हातचा येणार आहे का ते आधीच ओळखायचं सर्किट वहीच्या मागच्या पानावर चाललंय.

आपला,
एक पॅनेल वायरमन,
अनगोळ, बेळगाव