मालदीवच्या पाण्यात माझ्या आई-बाबांना सांभाळणाऱ्या मालवणच्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे घालत नाही. तुमची नोकरी अजून मालदीवच्या त्याच रिसॉर्टच्या बेटावर आहे, आणि तुम्हाला न विचारता नाव चारचौघांत आणणं मला बरं वाटत नाही. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते आई-वडिलांना घेऊन मालदीवला निघालेल्या प्रत्येक घराच्या कानावर जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तुमची-आमची गाठ पडली तोवर आमच्या सहलीची पार रया गेली होती. मुंबईहून विमान उशिरा सुटलं. मालेला उतरून इमिग्रेशनमधून बाहेर येईपर्यंत दुपार टळली, आणि तिथली सी-प्लेनं, म्हणजे पाण्यावर उतरणारी छोटी विमानं, फक्त उजेडातच उडतात. शेवटचं विमान गेलेलं. रात्र मालेजवळच्या हुलहुमालेच्या हॉटेलात काढली, तीही पदरच्या पैशांनी. रिसॉर्टची ती रात्र भरलेली होती, ती फुकट गेली. एजंटने हात वर केले. दुसऱ्या दिवशी सी-प्लेनमध्ये बसलो तर दोन बॅगा धक्क्यावरच राहिल्या, कारण त्या छोट्या विमानात वजनाचा हिशोब कडक असतो आणि भार जास्त झाला की काही सामान मागच्या फेरीने येतं. त्यातल्या एका बॅगेत बाबांचा चष्म्याच्या नंबरचा पोहण्याचा गॉगल होता. त्या गॉगलसाठी त्यांनी कोल्हापुरात चार दुकानं पालथी घातली होती.

बेटावर उतरलो तेव्हा बाबा गप्प होते. तुम्ही लाइफ जॅकेटं वाळत घालत फोनवर मालवणीत कुणाशी तरी बोलत होतात. बाबा तिथेच थबकले आणि थेट विचारलं, "पाव्हणं, गाव कंचं?" तुम्ही वळून "मालवण" म्हणालात, आणि आईचा चेहरा असा सैलावला की मला तो अजून दिसतो. समुद्रावर ओळखीचं माणूस भेटलं होतं.

सगळ्यात आधी तुम्ही आमची घड्याळं नीट केलीत. माले भारताच्या अर्धा तास मागे, हे आम्ही वाचलं होतं. पण बरीच रिसॉर्टं पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून स्वतःची वेळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मोबाइल एक वेळ दाखवतो, जेवणाच्या हॉलमधलं घड्याळ दुसरी. बाबांची बीपीची गोळी, आईची साखरेची गोळी, परतीचं सी-प्लेन, सगळंच गोंधळात पडलं असतं. तुम्ही एका कागदाच्या मागे दोन रकाने आखून दिलेत, एकात बेटाची वेळ आणि दुसऱ्यात मालेची. आईने तो कागद गोळ्यांच्या डबीला रबराने बांधून ठेवला.

मग तुम्ही आमचा पॅकेजचा कागद वाचायला मागितलात. ते तुमचं काम नव्हतं. 'ऑल-इन्क्लुझिव्ह' म्हटल्यावर सगळं आलं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण कुठल्या रेस्टॉरंटात जेवण पॅकेजमध्ये आणि कुठे वेगळे पैसे, मिनीबारमधलं काय धरलंय, स्नॉर्कलिंगचं, म्हणजे मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघण्याचं, सामान फुकट आहे की नुसता मास्क फुकट आणि पायात घालायच्या फिन्सचं भाडं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आणि ते सगळं कागदाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. रिसॉर्टांत ग्रीन टॅक्स २०२५पासून माणशी रात्रीला १२ डॉलर आहे, म्हणजे चौघांचे ४८. त्याशिवाय बिलावर १७ टक्के टीजीएसटी, म्हणजे तिथला पर्यटनावरचा जीएसटी, आणि बहुतेक ठिकाणी १० टक्के सर्व्हिस चार्ज. हे पॅकेजच्या किमतीत धरलंय का, हे बुक करतानाच लेखी घ्यावं, असं तुम्ही म्हणालात. आणि त्याच कागदात बोटीची एक सहल आमच्या हक्काची आहे, हेही दाखवलंत. त्या सहलीचे पैसे आम्ही भरायला निघालो होतो.

आता समुद्राबद्दल. खरे आभार त्याचेच आहेत.

बाबा विहिरीत पोहायला शिकलेले. पाठीला वाळका भोपळा बांधून काकांनी ढकललं आणि शिकले, ही गोष्ट तुम्हीही त्यांच्या तोंडून ऐकलीत. त्यांना पाण्याची भीती नाही, पण चष्म्याशिवाय दोन हातांवरचं माणूस ओळखू येत नाही. गॉगल बॅगेत अडकलेला. तुम्ही डाइव्ह सेंटरच्या कपाटातून नंबरच्या काचांचा मास्क शोधून आणलात, डाव्या डोळ्याला थोडा कमी पडला तरी चालेल म्हणालात. मास्क घातला तर आत पाणी शिरायला लागलं. तुम्ही बाबांच्या मिशांकडे पाहिलंत, खिशातून व्हॅसलीनची डबी काढलीत आणि बोटाने त्यांच्या मिशांवर, अगदी नाकाखालच्या रेषेपर्यंत, दाबून लावलंत. मिशांच्या केसांतूनच पाणी आत येतं, हे आम्हाला कधी सुचलं नसतं. मग काचेला आतून बेबी शाम्पूचा एक थेंब चोळून विसळलात, म्हणजे वाफ धरत नाही. बाबा पाण्यात वाकले ते उठेचनात. वर आले तेव्हा म्हणाले, "अगं, खाली सगळं स्पष्ट दिसतंय." कासव तर नंतर दिसलं. पहिला आनंद नुसतं दिसण्याचा होता.

आईचं वेगळंच. घोट्याच्या वर पाणी आलं की ती मागे सरायची. तुम्ही तिला ढकललं नाहीत, तिची थट्टा केली नाहीत. लांब बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा दिलात, कंबरभर पाण्यात उभं केलंत आणि हातात लाल रिंग देऊन म्हणालात, "काकीनू, मी आसंय मां." आधी नुसती नळीतून श्वास घेण्याची सवय, तोंड पाण्याच्या वर ठेवून. मग नुसतं तोंड पाण्यात, पाय वाळूवर टेकलेले. मग पाय उचलून तरंगणं. प्रत्येक पायरीला तिने मान हलवल्याशिवाय तुम्ही पुढे गेला नाहीत. वाळूवरून चालताना पाऊल उचलून टाकू नका, घासत पुढे न्या, म्हणजे वाळूत लपलेली पाखट, तो शेपटीला काटा असलेला चपटा मासा, आधीच निघून जाईल, हेही तेव्हाच शिकवलंत. उथळ पाण्यात शार्कची हातभर लांबीची पिल्लं फिरत होती, परांची टोकं काळी. ती बघून आई ओरडेल असं मला वाटलं होतं. ती तुमच्या रिंगला धरून शांत बघत राहिली.

आता त्या सकाळबद्दल. बाबांनी मला हे लिहायला परवानगी दिली आहे.

आम्ही तुमच्याबरोबर रीफच्या कडेवर होतो, जिथे उथळ प्रवाळ संपतं आणि खाली एकदम निळं खोल पाणी लागतं. उतरण्याआधी तुम्ही आम्हाला धक्क्यावर उभं करून पाणी वाचायला शिकवलं होतंत. मालदीवमध्ये बेटांची कडी असतात आणि कड्यातल्या बेटांच्या मधल्या फटींतून महासागराचं पाणी आत-बाहेर करतं. त्याची दिशा भरती-सुकतीवर आणि वाऱ्याच्या मोसमावर ठरते, साधारण डिसेंबर ते एप्रिल पूर्वेकडून, पावसाळ्यात पश्चिमेकडून. बोयाची दोरी कुठे कलली आहे ते बघा, म्हणालात. मासे एका जागी तरंगताना ज्या दिशेला तोंड करतात, पाणी तिकडून येतं. सुरुवात नेहमी पाण्याच्या उलट दिशेने करावी, म्हणजे दमल्यावर परतीला पाणीच आपल्याला आणतं. हे बाबा ऐकत होते, पण विहिरीतल्या पाण्याला ओढ नसते, आणि आयुष्यभराची सवय एका सकाळी जात नाही.

मध्येच पाण्याची ओढ वाढली आणि त्याच वेळी बाबांच्या पोटरीत गोळा आला. ते धक्क्याच्या दिशेने जोरजोरात हात मारायला लागले. मी बघत होते, ते जागचे हलत नव्हते, उलट मागे जात होते. मला हाक मारता येईना. तुम्ही मात्र आधीच निघाला होतात. आरडाओरड नाही, धावपळ नाही. मागून जाऊन रिंग त्यांच्या छातीखाली सरकवलीत, त्यांना उताणं केलंत, फिनचं टोक धरून पाऊल त्यांच्या नडगीकडे ओढलंत आणि गोळा सुटेपर्यंत तसंच धरून ठेवलंत. मग म्हणालात, "काकानू, पाण्याच्या वांगडा जाऊया." आणि खरंच, पाण्याशी न भांडता, थोडं तिरकं कापत तुम्ही त्यांना पुढच्या वाटेपर्यंत नेलंत. रीफमधून किनाऱ्यावर यायला अशा ठरलेल्या वाटा असतात आणि एक हुकली तरी पुढची असते, हे तुम्ही आम्हाला सकाळीच दाखवलं होतंत. बेटाला अर्धा वळसा घालून आम्ही वाळूवरून चालत परत आलो. तुम्ही बाबांच्या बाजूने, त्यांच्या चालीने चालत होतात आणि मालवणच्या मासळीबद्दल बोलत होतात. त्यांना कमीपणा वाटू नये याची काळजी तुम्ही किती सहज घेतलीत. ते मी विसरणार नाही.

त्या गडबडीत माझ्या नवऱ्याचा गुडघा प्रवाळावर घासला. बारीक ओरखडा, आम्ही दुर्लक्षच केलं असतं. तुम्ही गोड्या पाण्याने आणि साबणाने चोळून धुवायला लावलंत आणि बेटावरच्या डॉक्टरकडे पाठवलंत, कारण प्रवाळाचे बारीक कण आत राहिले की जखम चिघळते. दोन दिवसांनी गुडघा नीट होता.

टायटन ट्रिगरफिश नावाच्या माशाबद्दलही लिहिते, कारण हे कुठल्याच पॅकेजच्या कागदावर नसतं. अंडी घातलेली असली की तो मासा अंगावर येतो आणि त्याचे दात भारी असतात. त्याचा इलाका घरट्यापासून वरच्या दिशेने शंकूसारखा रुंद होत जातो. म्हणून घाबरून वर जायचं नाही, फिन्स त्याच्याकडे ठेवून आडवं निघून जायचं.

आईने नातीसाठी शंख गोळा केले होते. तुम्ही एक एक उचलून दाखवलंत की यातल्या दोघांत खेकडे राहतायत, आणि तिथून शंख-प्रवाळ नेऊही देत नाहीत. आईने सगळे परत ठेवले. मग तुम्ही तिला पांढरी पडलेली प्रवाळाची फांदी दाखवलीत आणि २०१६ साली समुद्र तापला तेव्हा इथलं किती प्रवाळ मेलं ते सांगितलंत. तिला वाटत होतं असलं काही आपल्याकडे नाही. तुम्ही म्हणालात, मालवणात पण प्रवाळ आहे काकी, १९८७पासून अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचंच पाणी. इतकी वर्षं कोल्हापुरात राहून आम्हाला हे माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आत्याच्या घरचेही जायला निघाले, तेव्हा मी तुम्हाला मेसेज केला आणि तुम्ही ड्यूटी संपल्यावर फोन करून सगळं सांगितलंत. इथेही लिहून ठेवते. मालेला सकाळी किंवा फार तर दुपारी लवकर पोचणारं विमान घ्या आणि सी-प्लेन चुकलं तर रात्रीचा खर्च कुणाचा, हे आधी विचारा. इमुगाचा, म्हणजे मालदीवमध्ये शिरण्यासाठीचा ऑनलाइन, फॉर्म प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायचा आणि तो सरकारी साइटवर फुकट असतो, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. दारू नेता येत नाही. पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत, म्हणून घरचे गणपती घरीच ठेवून जा. गोळ्या, चष्मा, एक कपड्यांचा जोड हातातल्या बॅगेत. आणि साठीच्या पुढची माणसं असतील तर पहिल्या दिवशी खोल पाण्यात उतरायचं नाही, आधी बेटावरच्या स्नॉर्कलिंगच्या माणसाबरोबर उथळ पाण्यात सराव करायचा, बीपी-हृदयाचं काही असेल तर ते लपवायचं नाही. आत्याने हे वहीत उतरवून घेतलंय.

निघताना बाबांनी तुमच्या हातात पाकीट दिलं ते तुम्ही घेत नव्हतात. शेवटी आईने "घरच्यांनी दिलेलं नाही म्हणत नाहीत" म्हटल्यावर घेतलंत. त्या पाकिटाने काही फिटलेलं नाही, दादा. बाबा आज आमच्यात बसून चहा पितात, भोपळ्याची गोष्ट पुन्हा सांगतात आणि आता तिच्यापुढे तुमची गोष्ट जोडतात. त्यांनी स्वतःसाठी नंबरचा मास्क घेतलाय, व्हॅसलीनची डबीसुद्धा. हिवाळ्यात मालवणला जायचं, तुमच्या भावाच्या बोटीतून किल्ल्यापाशी उतरायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय. आई म्हणते मीही येणार, पण लाल रिंग पाहिजे.

तुम्ही सुट्टीवर गावी जाल तेव्हा दोन दिवस काढून फोंडा घाटाने वर या. वहिनींना आणि मुलांना घेऊन या. आईने विचारायला सांगितलंय की तुम्हाला तांबडा चालतो का, की पांढराच करू.

तुमची कायमची ऋणी,
कोल्हापूरच्या काका-काकींची मुलगी