बॉम्ब पडला तेव्हा उभे कोण होते?

संपादक महोदय,

भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांचा ८ एप्रिल १९२९ चा बॉम्ब आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत दरवर्षी फुटतो. पण तो पडला तेव्हा दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळात निर्णय द्यायला कोण उभे राहिले होते, हे स्पर्धकांना विचारून बघा. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल. वल्लभभाईंचे थोरले बंधू, ‘व्ही. जे.’ या आद्याक्षरांवर धाकट्याच्या पासपोर्टवर विलायतेला गेलेले. आपली माहिती इथेच संपते.

त्यांची खरी वकिली दिसते ती सार्वजनिक सुरक्षा विधेयकात, म्हणजे परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर काढण्याचा अधिकार सरकारला देणाऱ्या विधेयकात. सप्टेंबर १९२८ मध्ये ६१ विरुद्ध ६१ अशी बरोबरी झाली. पटेलांनी अध्यक्षाचे निर्णायक मत विरोधात टाकले. म्हणणे एवढेच, की असा असाधारण कायदा हवा तर बहुमत सरकारने स्वतः जमवावे, खुर्चीकडून मागू नये. सरकारने विधेयक पुन्हा आणले. तोवर २० मार्च १९२९ ला कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मेरठ खटल्याची धरपकड झाली होती आणि पटेलांनी तिथेच बोट ठेवले. विधेयकाचा आणि खटल्याचा आधार एकच. मग न्यायप्रविष्ट बाबीला हात न लावता चर्चा करायची कशी? विधेयक थांबवा, नाहीतर खटला मागे घ्या. सरकारने दोन्ही नाकारले, तेव्हा बॉम्बमुळे अडलेला निर्णय ११ एप्रिलला देऊन त्यांनी विधेयक नियमबाह्य ठरवले. व्हाइसरॉय आयर्विन यांनी लगेच वटहुकूम काढला आणि पुढे अध्यक्षाला विधेयक असे अडवता येऊ नये म्हणून नियमच बदलले. नियमाच्या लढाईत नियम करणारा समोरचाच असला की असे होते.

त्यांचा १९१८ चा प्राथमिक शिक्षण कायदाही असाच अर्धा राहिला. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले होते. म्हणून पटेलांनी सक्तीचा अधिकार नगरपालिकांकडे दिला. ठराव करायचा की नाही, हे पालिकेने ठरवायचे. बहुतेकींनी तसदीच घेतली नाही, कारण खर्चासाठी कर बसवायचा कोणी?

पण तेवढीही सोय आपल्याकडे मराठवाड्यात नव्हती. कायदा मुंबई इलाख्याचा. अहमदनगरच्या पालिकेला ठराव करता येत होता, शेजारच्या बीडला नाही. बीड निजामाचे. तिथे सभा घ्यायची तरी निजाम सरकारच्या गश्ती (परिपत्रक) क्रमांक ५३ प्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. येत्या एप्रिलच्या स्पर्धेत एक विषय ११ तारखेच्या निर्णयाचाही ठेवावा.

— एक वकील, अंबाजोगाई