मुख्य वाक्यापुढे ‘कशावरून?’

तिसरी-चौथीच्या वहीत ‘केळी’ या विषयावरच्या निबंधाची हमखास सापडणारी सुरुवात म्हणजे ‘केळे हे एक फळ आहे.’ पुढे मूल अडकतं, कारण या वाक्यात पटवून देण्यासारखं काही उरतच नाही. त्याऐवजी ‘उन्हाळ्यात केळीच्या बागेला फार जपावं लागतं’ हे मुख्य वाक्य फळ्यावर लिहा आणि लगेच विचारा, कशावरून? रावेर-यावल या केळीच्या भागातल्या मुलांना उत्तरं शोधावी लागत नाहीत: गरम वाऱ्यानं पानं फाटतात, बागेच्या कडेनं आडोसा करावा लागतो, पाणी चुकवून चालत नाही. झाली तीन पूरक वाक्यं, म्हणजे मुख्य वाक्याला आधार देणारी! ती अहिराणीत किंवा लेवा बोलीत आली तरी अडवू नये. आधी मुद्दा येऊ द्या, प्रमाण मराठी नंतर.

मग ही चार वाक्यं आणि एक उपरं, ‘मला वेफर्स आवडतात’, अशा पाच पट्ट्या कापून गटात द्याव्यात. उपरी पट्टी का काढली, हे मुलांनी तोंडी सांगायचं. ‘फार छान’, ‘खूप मजा येते’ यांना मात्र पूरक वाक्य धरू नये. निबंधाच्या गाईडांनी ही सवय लावली आहे. तिथेही तोच प्रश्न: कशावरून छान?

– एक प्राथमिक शिक्षक, जि. जळगाव