माझ्या हातातला फोन दिसला, त्याच्या हातातला नाही!

प्रति,
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : गाडी चालवताना हातात फोन धरण्याबद्दलचा कायदा आणि त्याखाली मला आलेलं एक हजार रुपयांचं चलन.

महोदय,

स.न.वि.वि.

मी सोलापुरात घोंगडे वस्तीत राहते. कडक भाकरी करून विकते, बावीस वर्षं झाली. तुमचा वेळ मोलाचा आहे, तेव्हा थोडक्यात लिहायचं असं ठरवलं होतं. पण मंगळवारी जो मेसेज आला तो वाचल्यावर थोडक्यात लिहायची इच्छाच राहिली नाही.

मेसेज ई-चलनाचा. गुन्हा : वाहन चालवताना मोबाईलचा वापर. दंड : एक हजार. लिंक उघडली तर फोटोत मीच. रस्त्याच्या कडेला स्कूटी लावून, इंजिन बंद करून, एका हॉटेलवाल्याशी बोलतेय. त्याला शंभराच्या जागी दीडशे भाकरी हव्या होत्या, एवढंच बोलणं. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही म्हणून तर थांबले होते. फोन डाव्या हातात आहे, कारण उजव्या हातात तो फार वेळ धरवत नाही. का धरवत नाही, ते आता सांगते.

जानेवारीतली गोष्ट. भोगीला दोन दिवस राहिले होते, म्हणजे आमच्या धंद्यातली दिवाळीच. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीला भोगीला जेवढं गिऱ्हाईक असतं तेवढं वर्षभरात कधी नसतं, आणि त्यात गड्ड्याच्या यात्रेला आलेले पाहुणे कडक भाकरी बांधून नेतात. सकाळी साडेअकराच्या सुमारास पार्क चौकाकडून सात रस्त्याकडे निघाले होते. मागे कॅरियरला दोन डबे, डोक्याला हेल्मेट, वेग म्हणाल तर सायकलीचा. रंगभवनच्या अलीकडे एक पांढरी चारचाकी मागून आली आणि मला घेऊन गेली.

पडल्यावर पहिल्यांदा काय ऐकलं, ते सांगते. आवाज येत होता, "हॅलो? अहो, ऐकताय का?" तो त्या माणसाच्या फोनमधून येत होता. तो खाली उतरला तेव्हा फोन त्याच्या हातातच होता. माझ्याकडे बघून तो फोनमध्ये म्हणाला, "थांब, करतो तुला." माझ्याशी बोलला तो त्यानंतर. डबे फुटले होते, भाकरी रस्ताभर पसरल्या होत्या, आणि मागून येणाऱ्या रिक्षा त्यांच्यावरून कडाकडा जात होत्या. तो आवाज अजून झोपेत येतो.

उजवं मनगट मोडलं. आता आत प्लेट आहे आणि सात स्क्रू. तुम्ही कधी भाकरी थापली नसेल म्हणून सांगते. पीठ मळायला ताकद लागते, पण थापायला लागतं मनगट. तळव्याखाली भाकरी आपसूक गोल फिरते असं बघणाऱ्याला वाटतं, फिरवत असतं ते मनगट. दिवसाला दीडशे भाकरी थापत होते मी. आता पंधराव्या भाकरीला बोटांपासून कोपरापर्यंत कळ जाते. थापायला दोघी ठेवल्यात. त्यांचे पैसे, पीठ, गॅस सगळं जाऊन एका भाकरीमागे तीन रुपये सुटतात. तुमचं चलन म्हणजे तीनशे तेहतीस भाकरी.

दवाखान्याचं तर विचारूच नका. अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत रोख पैसे न भरता उपचार, अशी केंद्राची योजना मे २०२५ मध्ये निघाली आहे. एका खासगी दवाखान्याच्या काउंटरवर माझ्या बहिणीने ती विचारली, तर तिथल्या मुलीने तिच्याकडे असं बघितलं की जणू ती उधारीवर सोनं मागतेय. पंचेचाळीस हजार आधी भरा, मग बघू. शेजारच्या आक्काने विड्या वळून साठवलेल्यातले आठ हजार दिले. ते फेडायचे बाकी आहेत.

आता मुद्द्यावर येते. जबाब घ्यायला आले तेव्हा मी तीन वेळा सांगितलं की त्याच्या हातात फोन होता. कागदावर काय आलं? 'हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. हे वाक्य तुमच्या राज्यात छापूनच ठेवलेलं असावं. मी म्हटलं, साहेब, फोनचं लिहा की. तर म्हणे, पुरावा काय ताई? अहो, पुरावा त्याच्या फोन कंपनीकडे आहे, आणि कॉलचा तपशील मागवायचा अधिकार तुम्हाला आहे, मला नाही. मी मागायला गेले तर मलाच आत टाकाल.

माझी भाची कॉलेजात आहे, तिने मला केंद्र सरकारचे आकडे काढून दिले. २०२१ मध्ये देशात रस्त्यावर १,५३,९७२ माणसं मेली. त्यातली 'मोबाईलच्या वापरामुळे' किती? १,०४०. शंभरात एकसुद्धा नाही! मंत्रीसाहेब, हे तुम्हाला पटतं? मी फिजिओथेरपीला जाते तिथे खिडकीतून रस्ता दिसतो. हाताला शेक घेता घेता अर्धा तास मोजलं. एकतीस जण. कुणी मांडीवर फोन ठेवून, कुणी स्टेअरिंगवर टेकवून, आणि जेवण पोचवणारी पोरं हेल्मेट आणि गालाच्या मध्ये खुपसून. मग ते आकड्यात का नाहीत? कारण फोन कागदावर येतच नाही. मला उडवणारा तुमच्या हिशेबात 'अतिवेग' म्हणून गेला असणार.

त्या पोरांना तरी किती बोलायचं? पत्ता सापडला नाही तर गिऱ्हाईक ओरडतं, उशीर झाला तर कमी तारे पडतात. फोन त्यांच्या हातात कोण देतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण पावती पोराच्या नावाने फाटते. आणि खरं सांगायचं तर मीही पूर्वी स्कार्फमध्ये फोन खुपसून ऑर्डर घेतलेली आहे. नाही कशाला म्हणू? प्लेट बसल्यापासून सोडलं.

कायदा नाही असं नाही. भाचीने तोही वाचून दाखवला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातातला फोन धोकादायक वाहन चालवण्यात घातला. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. देशात तो १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला. महाराष्ट्रात? दंड फार वाटतो म्हणून सव्वादोन वर्षं अडवून धरला, आणि वाढीव दंड आला डिसेंबर २०२१ मध्ये. दुचाकीला हजार, चारचाकीला दोन हजार. मधल्या काळात सरकार बदललं, आधी एक अडवत होतं, मग दुसरं. त्या सव्वादोन वर्षांत किती मनगटं मोडली ते कुणी मोजलं असेल तर कळवा.

शिवाय २०२० मध्ये केंद्राने नियम केला की फोन फक्त रस्ता शोधायला वापरता येईल, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. झालं! आता ज्याला पकडाल तो म्हणतो मॅप लावला होता. पार्क चौकातून सात रस्त्याला जायला मॅप? सोलापुरात जन्मलेल्या माणसाला?

आणि लायसन्स. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच सगळ्या राज्यांना सांगितलंय की गाडी चालवताना फोनवर सापडला तर लायसन्स किमान तीन महिने निलंबित करा. मला एका साहेबांनी स्वतः शब्द दिला होता. माझ्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाले, "ताई, तीन महिने त्याची गाडी बंद, मी सांगतो ना." फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये तो पांढऱ्या गाडीतला मला विजापूर वेशीत दिसला. गाडी तीच, काच खाली, हात तसाच कानाला. मी त्या साहेबांना फोन लावला. पलीकडून हॉर्न ऐकू येत होते. म्हणाले, "मी ड्रायव्हिंगला आहे ताई, पटकन बोला."

मी पटकन काहीच बोलले नाही. फोन ठेवला.

त्यानंतर मी चार ठिकाणी गेले. एकीकडे सांगितलं, वाहतूक पोलीस गृहखात्याकडे, परिवहनकडे नाही. दुसरीकडे सांगितलं, लायसन्स परिवहनकडे, पोलिसांकडे नाही. तिसरीकडे म्हणाले कोर्टात जा, आणि चौथीकडे जेवणाची सुट्टी होती. म्हणजे मंत्रीसाहेब, हे पत्र वाचून तुम्हीही म्हणाल की हे आमच्या खात्याचं नाही. म्हणा. पण मग माझ्याकडून हजार रुपये वसूल करताना सरकार एकच कसं होतं? घेताना एक आणि द्यायच्या वेळी चार!

आमचं सोलापूर २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आलं, तेव्हा आम्ही पेढे खाल्ले होते. अजून नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. मला पाडलं तो महिना तर रस्ता सुरक्षेचाच. मी पडले तिथून दिसेल असा फलक लावला होता, त्यावर हात जोडलेले सहा पुढारी आणि खाली 'वेग आवरा, जीव सावरा' असलं काहीतरी. सहाही जणांचे चेहरे मी नीट बघितले, रिक्षात घालेपर्यंत दुसरं काही बघण्यासारखं नव्हतं. फलकाला पैसे मिळतात, मग फोन तपासायला का मिळत नाहीत?

माझी मागणी फार मोठी नाही. अपघातात कुणी जखमी झालं की चालवणाऱ्याच्या त्या वेळच्या कॉलचा तपशील मागवलाच पाहिजे, पोलिसाच्या मर्जीवर नको. फोन हातात होता असं जखमी माणूस सांगत असेल तर ते त्याच्या शब्दांत लिहून घ्या, छापील वाक्यात कोंबू नका. ज्याचं लायसन्स तीन महिने काढून घ्यायचा नियम आहे त्याचं काढून घ्या. जेवण पोचवायला पोरं पळवणाऱ्या कंपन्यांना बोलावून विचारा की चालत्या गाडीवर पोराला फोन का येतो. या सगळ्यात एक पैसा खर्च नाही, फलकापेक्षा तर नाहीच.

आणि ते हजार रुपये मी भरणार नाही. लोकअदालतीत कमी होतील असं सगळे सांगतात. कमी कशाला? गुन्हाच नाही तर एक रुपया तरी का? ऑनलाइन तक्रार टाकली आहे. कुठल्या टेबलावर आहे देव जाणे.

चलनाचा फोटो सोबत जोडला आहे, जरा मोठा करून बघा. हेल्मेट आरशाला अडकवलेलं आहे आणि खाली डावीकडे स्टँड लावलेला दिसतो.

कळावे,
एक कडक भाकरीवाली,
घोंगडे वस्ती, सोलापूर